खरं

उद्यमबागेत रात्रपाळीला यंत्र आपलं आपण फिरतंय.
प्रोग्रॅम मीच लिवलेला, म्हणून मला नुसतं बघत बसायचं काम.
बघता बघता फोनवर जपानी चित्रकथा वाचतो,
उजवीकडनं डावीकडं.
त्यातला पोरगा चष्मेवाला, माझ्यासारखाच,
पोरगी जवळ आली की त्याच्या फुग्यात नुसते तीन ठिपके.

दानेश्वरी तपासणीत असती.
मी काढलेला प्रत्येक नग तिच्या हातात जातो,
मायक्रोमीटरच्या दोन ओठांत धरून
ती आकडा बघती.
दोन वर्षांत एकदाच वर बघून म्हणाली, "दोन शतांश जास्त."
त्या दोन शतांशावर मी आठवडाभर जगलो.

शेवटी इंटरनेटवर विचारलो.
सात अनोळखी माणसं धावून आली, पुण्याची, नागपूरची,
एक दोह्याचा, क्रेन चालवतो म्हणे.
लिवलो, "आवडती खरं."
सगळ्यांनी लाल बदाम पाठवले.
"खरं प्रेम आहे तर घाबरतोस कशाला?"
आता ह्यांना कसं सांगायचं,
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
आवडती, खरं घशात नट अडकतोय.
आवडती, खरं तिच्या घरात कन्नड, माझ्या घरात आण्णा.
आमची सगळी वाक्यं अशी मधेच थांबतात,
दुसऱ्या रेल्वे गेटला रिक्षा थांबती तशी,
इंजिन चालू ठेवून.

नागपूरच्या बाई माझी भाषा सुधारायला बसल्या.
"मी विचारलो नव्हे, विचारलं. मी काम केलं."
त्यावर एक अख्खी पाळी विचार केलो.
त्यांच्यात क्रियापद कामाला जाऊन चिकटतंय,
करणारा हात झाडून मोकळा.
आमच्यात ते करणाऱ्याच्याच अंगावर येतंय.
मी केलो. मीच केलो.
लाजऱ्या माणसाला ही बोली परवडत नाही बघा.

दोह्याचा कमी बोलायचा. एका रात्री लिवला,
"बोलता येत नाही तर काढ की. चित्रं काढतोस ना?"
हे मी कुणालाच सांगितलो नव्हतो.
कधीतरी वहीचा फोटो पाठवलेला,
कोपऱ्यात, आकड्यांच्या खाली, तिचा कान होता.

आठ पानं काढलो.
गणपत गल्लीत झेरॉक्स मारलो, पिना उजव्या बाजूला.
पहिल्या पानावर यंत्र, पोरगा, रिकामा फुगा.
शेवटच्यावर किल्ला तलाव,
दोघं पाठमोरी, मधे कुंद्याचा डबा, दोन चमचे.
एकशे चाळीस बुशिंगांच्या ट्रेमधे तळाला ठेवलो,
एकशे एक्केचाळीसावा नग.

सकाळी सहाला पाळी सुटली तशी ती गेटाजवळ आली.
माझे कान भट्टीच्या दारासारखे.
ती आपल्या सवयीनं डावीकडनं उघडलेली,
कुंद्यापासनं वाचत वाचत यंत्रापर्यंत गेलेली.
"आधी एका डब्यात खायचं, मग ओळख?"
आमच्याहून बरं मराठी तिचं.
"आमच्या घरात लग्नं अशीच होत्यात."

"तसं न्हवं, मी सांगणार होतो, खरं..."

ती थांबली.
शहापुरात तिच्या आईचं साडीचं दुकान,
लहानपणापासनं गिऱ्हाइकांचं 'खरं' ऐकलेली पोरगी ती.
त्याच्या पुढं काहीतरी येतंय, हे तिला ठाऊक.
पेन काढून माझ्या हातात दिली, बोट रिकाम्या फुग्यावर.
लिवलो. कन्नडात. एक काना चुकला बहुतेक.

आता फोन थरथरालाय.
सहाजण विचारालेत, काय झालं, काय झालं?
झालं कायबी नाही हो. मी विचारलो.
ती काय म्हणाली?
बस लागलेली, पायरीवरनं म्हणाली, "नोडोण."
नागपूरच्या बाई, हे 'बघू' न्हवं बरं का,
बघूया.
त्यात दोघं येतात.

दोह्याच्या माणसानं अजून काही विचारलेलं नाही.
त्याची रात्रपाळी असंल.